गोळी एकही चुकवली नाही

मार्गिलान, ३ मार्च १९९८

चि. मुख्लिसा हीस अनेक आशीर्वाद.

पत्र पावलं. कझानच्या थंडीची एवढी रड कशाला गं? पावाच्या भट्टीपाशीच तर काम करतेस!

गुरुवारी पुलाव केला, नेहमीसारख्या शेजारी सात ताटल्या धाडल्या. एकटीनं बसून खाणं म्हणजे काय जेवण! मी आपली चहावर भागवते. साखरेच्या दुखण्याची गोळी मात्र एकही चुकवत नाही, तुझी शपथ.

लिहू की नको असं झालंय. परवा बाजारातून येताना आपली गल्लीच सापडेना. शेजारच्या होसियतनं हाताला धरून घरी आणलं. वर म्हणते कशी, म्हातारे, चळ लागला की काय! मी हसले. पण पोरी, फार भीती वाटते. डोकंच गेलं तर माझं कसं होणार?

लोभ असू दे.
तुझी आई, इनोयत


कझान, १९ मार्च १९९८

ती. आईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं. वाटलं, साखर वाढली; गोळी वाढव असंच लिहिणार होते. नशीब, आधी इथल्या डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्यांनी पहिलाच प्रश्न केला, गोळीवर आई जेवते का? मी तुझं पत्र वाचून दाखवलं, तशा माझ्यावरच उखडल्या. उपाशीपोटी ही गोळी साखर भलतीच खाली नेते आणि म्हातारं माणूस भ्रमतं, म्हणाल्या.

होसियतमावशींना फोनवर सगळं सांगितलंच आहे. हे पत्र माफीचं. गोळी घेतलीस का म्हणून तुझा जीव खाल्ला, जेवलीस का हे एकदाही विचारलं नाही गं.

रागावू नकोस.
तुझीच, मुख्लिसा


मार्गिलान, २१ एप्रिल १९९८

चि. मुख्लिसास आशीर्वाद.

वेडाबाई, माफी कसली! होसियतनं दवाखान्यात नेलं, डॉक्टरांनी गोळी बदलली. आता ती बया दुपारी समोर ठाण मांडते, मी जेवल्याशिवाय हलत नाही. डोकं लख्ख झालंय. काल मुळेवाल्याला त्याच्या आजोबांचं नाव सांगितलं, तर तोच चाट पडला.

एक तुला कळवलं नव्हतं. त्या दिवसांत दुपारी मला वाटायचं, तुझे वडील रेशीम कारखान्यातून आता येतीलच. मी फाटकाशी जाऊन बसायची. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली, हे ध्यानातच नसायचं. वाट बघण्यात दिवस सरायचा, बरं वाटायचं.

आता सगळं आठवतं. होसियत उठून गेली की दुपार जाता जात नाही. डॉक्टरांना काय सांगू? ते म्हणतात, आजी, बऱ्या झालात. झालेच आहे.

माया असू दे. उन्हाळ्यात जमलं तर ये.
तुझी आई