बारा पदार्थ आणि माझं ठणठणीत डोकं

२९ डिसेंबर, यॉर्कटन
चर्चच्या पायरीवर बर्फावरून घसरून डोकं आपटलं, त्याला आज तीन आठवडे. सीटी स्कॅन स्वच्छ आलाय. तो कागद मी येशूच्या तसबिरीमागे ठेवलाय. तरी डॉक्टर म्हणतात, मेंदूतले बारीक धागे दुखावले तर साध्या स्कॅनला कळत नाही. सॅस्कटूनला नव्या तऱ्हेचा एमआरआय आहे, त्यात कदाचित दिसेल. कदाचित! मग एवढ्या लांब जायचं कशाला?

३१ डिसेंबर
सहा जानेवारीला, जुन्या पंचांगाप्रमाणे, आमचं नाताळचं पवित्र जेवण. बारा पदार्थ, एकातही मांस चालत नाही. चाळीस वर्षं मीच करते. लेक डारका म्हणते, "ममा, यंदा स्टेफ्काआत्याला करू दे. तू शेगडी चालू ठेवून झोपलीस." शेगडी ऑरेस्टने ठेवली असणार. नाही म्हणतो, पण नवरे कधी कबूल करतात?
देवासमोर ठरवलं: जेवणात एक जरी चूक निघाली, तर मुकाट्याने सॅस्कटूनला जाईन. निघायची नाहीच.

३ जानेवारी
हल्लीचे बल्ब डोळ्यांना फार टोचतात. अंधारातच कणीक मळली. विजेचीही बचत. मिठाची बरणी फ्रीजमध्ये सापडली. ऑरेस्टला झापलं. म्हणतो, "हो गं बाई, माझंच डोकं तपासू या." म्हटलं, तपासच.

५ जानेवारी
कोबीच्या पानांच्या गुंडाळ्या झाल्या. छप्पन्न. विचार करावाच लागला नाही, हात आपोआप चालतो. नणंदबाई स्टेफ्का झाकण उघडून म्हणाली, "वहिनी, वास छान येतोय. जरा जास्तच छान." जळते मेली.

६ जानेवारी, जेवणानंतर
पहिला तारा दिसला, प्रार्थना झाली, बसलो. ऑरेस्टने गुंडाळीचा एक घास घेतला आणि चावायचा थांबला. मग अख्खं भांडं पुढ्यात ओढलं. "ह्या सगळ्या माझ्या. कुणी हात लावायचा नाही." पवित्र ताटावर असला हावरटपणा! सगळ्यांदेखत बोलले मी त्याला. तो खाली मान घालून खात राहिला. डारका उगाच रडली.

७ जानेवारी
कचऱ्यात डुकराच्या मांसाची, बेकनची, दोन रिकामी पाकिटं. रविवारच्या गुंडाळ्यांत घालते तेच. या घरात बेकन चिरणारे हात एकच.
ऑरेस्टशी बोलायचं धाडस झालं नाही. डारकाला फोन लावला. म्हटलं, सॅस्कटूनची वेळ घे, पण स्टेफ्काला कळू देऊ नकोस.
 ती म्हणाली, "ममा, हे तू सकाळीच सांगितलंस. सोमवारी आठची वेळ मिळालीय. गाडी स्टेफ्काआत्या चालवणार आहे. तिला तूच विचारलंस."