पायऱ्यांच्या कठड्याचा फोटो

९ नोव्हेंबर, लायब्ररीतून ईमेल

डेल,

शुद्धलेखनाला हसू नकोस. शाळा सोडल्यापासून लिहिणंच सुटलंय, आणि एका बोटाने टाइप करतेय म्हणून खूप वेळ लागतो. बरा आहेस ना? आई बरी आहे. बेकरी बुडाली तरी पहाटे चारलाच उठते आणि नुसती कॉफी पीत बसते.

आता घराचं सांगते. दिवाळखोरीचा निकाल लागला तेव्हा वकील म्हणाला होता, घराच्या कर्जाचे हप्ते भरत राहा, घर राहील. आईने एकही चुकवला नाही. पण आपला घराचा विमा मे महिन्यात बंद पडला. मग बँकेने स्वतःच एक विमा काढून आपल्या माथी मारला, तिप्पट महाग, आणि तो हप्त्यात घातला. वादळात छप्पर उडालं तर पैसे बँकेला, आपल्या सामानाला काही नाही. आई जुनाच हप्ता भरत राहिली, म्हणून थकबाकी झाली. पंधरा डिसेंबरपर्यंत भरली नाही तर घर जप्त करायची नोटीस येणार.

आई सगळ्यांना सांगते, "दिवाळखोर म्हटलं की विमावाले पण लाथ मारतात." काल शेजारचे ऑर्विल म्हणाले, "अगं लोरेटा, आधी पत्र तरी पाठवलं असेल ना?"

"एक चिठोरं नाही आलं! विचारा ट्वायलाला, टपाल तीच बघते."

मी भांडी घासत राहिले.

आलं होतं, डेल.

कोर्टानंतर आई म्हणाली होती ना, "पाकिटं माझ्यासमोर आणू नकोस, बुटांच्या खोक्यात टाक." बाकीची तशीच टाकली. विमा कंपनीचं हे मात्र उघडलं होतं. पायऱ्यांचा कठडा मोडलाय (तू जाताना सोफा आपटलास तो), दुरुस्त करून फोटो पाठवा आणि तीस दिवसांत फोन करा, नाहीतर विमा बंद, एवढंच होतं त्यात. कठडा मी बसवला, रंग पण दिला. फोटो काढला, पण कुठे पाठवायचा ते फोनवरच सांगणार होते. फोनवर मला बोलता येत नाही, तुला माहितीय, तरी तीनदा लावला. बाई हॅलो म्हणाली की मी ठेवून द्यायचे. मग तीस दिवस संपले.

परवा कामावर, टायरच्या ढिगामागे उभं राहून लावला. काय बोलायचं ते कागदावर लिहून नेलं होतं. तरी मधेच गप्प झाले. ती बाई म्हणाली, "आहेस ना गं बाळा? सावकाश सांग."

जुना विमा परत चालू होत नाही. नवा मिळेल, दिवाळखोरीमुळे थोडा जास्त, पण बँकेच्या निम्म्यात. त्याचा कागद दाखवला की बँक तिने लावलेला विमा रद्द करते. थकबाकी राहतेच, ती माझ्या पगारातून फेडीन. सही मात्र आईची लागते. आणि फॉर्मवर विचारलंय, आधीचा विमा का बंद पडला.

तिथे मी लिहून टाकलंय, "मुलीने फोन केला नाही." आज जेवणानंतर आईसमोर ठेवणार आहे. तू रात्री आठला घरी फोन कर. मीच उचलीन, खरंच.

कठडा घट्ट बसलाय. येऊन हलवून बघ.

तुझी,
ट्वायला

अरे हो, गावाची जुनी पाण्याची टाकी काल पाडली.