भुऱ्या आता तेलुगू ऐकतो

गोंडपिपरी,
ता. ११ डिसेंबर १९५५

चि. सौ. चंदा हीस आईचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. तिकडचं तू कळव. धान यंदा बरं झालं, बांधाकडचं रानडुकरांनी खाल्लं तेवढं सोडून. तुझ्या बाबांचा गुडघा थंडीत कुरकुरतो आणि गुडघ्यापेक्षा ते स्वतः जास्त कुरकुरतात. हे पत्र पोचू गाडीवानाबरोबर पाठवते आहे. तो सिरोंच्याला लाकडाच्या डेपोवर व्यंकटी मुनशींचं घर विचारत येईल. वर ‘सौ.’ लिहिताना हात अडखळला, मग एकदाचं लिहून टाकलं.

सांगायचं ते भुऱ्याचं. भुऱ्या सापडला.

तू आम्हाला न सांगता व्यंकटींबरोबर गेलीस त्याच दिवशी तोही नाहीसा झाला, हे तुला माहीत असेलच. नसेल, तर मी जे समजून बसले आहे ते सगळंच खोटं.

मागच्या महिन्यात एका बाजाराला कोणीतरी सांगत आलं, आष्टीच्या कोंडवाड्यात गुरांमध्ये एक भुरं कुत्रं बांधलंय, कान फाटका आहे, तुमचंच वाटतं. कोंडवाड्याचा लटारू भला माणूस. पाय सोलवटलेलं, उपाशी कुत्रं त्याला नदीकाठी पडलेलं दिसलं. लोक म्हणत होते पिसाळलेलं आहे, मारून टाका. त्याने त्याला भाताच्या तणसावर जागा दिली आणि मालकाची वाट पाहिली.

आम्ही दोघं पोचूच्या गाडीने गेलो. बाबांनी लांबूनच “भुऱ्या, यू यू” अशी हाक मारली. कुत्र्याने मान वळवली नाही. आपला भुऱ्या कसा होता तुला ठाऊक आहे. परका माणूस दिसला की दावं तोडायला निघायचा. हे तर नव्या सुनेसारखं खाली मान घालून बसलेलं. बाबा म्हणाले, आपलं नाही, चला. मी म्हटलं, पोट तरी बघा. पिल्लू असताना त्याचं पोट फुगलं होतं, तेव्हा तुझ्या आजीने तापल्या विळ्याचा डाग दिला होता ना. बाबांनी केस बाजूला सारले. डाग होता. तरी हाकेला दाद नाही. अंग भुऱ्याचं आणि वागणं भलत्याचंच.

तेवढ्यात पोचू बैलांना पाणी पाजून आला आणि सवयीने आपल्या तेलुगूत म्हणाला, “इटु रा.” म्हणजे इकडे ये. कुत्रं उठलं आणि त्याच्या पायाशी जाऊन बसलं.

“हा सिरोंच्याकडं राह्यला, भाऊ,” पोचू बाबांना म्हणाला. “तेलुगू बोलनाऱ्या घरात. हाकेले भेत नाई, म्हंजे मायेनं ठेवलं याले.”

तुझे बाबा तिथेच शेणात बसले. धोतराची शुद्ध नाही.

चंदा, तू गेलीस त्या पावसाळ्यात सिरोंच्याच्या वाटेवर नदीत डोंगा उलटल्याची बातमी आली होती. त्यात एक तरणी बाई होती म्हणत. आम्ही कोणाला विचारलं नाही. विचारलं नाही तोवर तू होतीस. आणि इथे एक मुकं जनावर एवढं रान, एवढ्या नद्या ओलांडून आलं आणि सांगून गेलं की तू पोचलीस, तू घर केलंस.  

घरी आणला. पूर्वी चुलीपर्यंत शिरून मासोळी पळवणारा हा चोर आता उंबऱ्याबाहेर थांबतो, बोलावल्याशिवाय पाऊल आत टाकत नाही. हे वळण तुझंच. आमच्या लाडात ते कधी जमलं नसतं. अंगाला एकदम हात लावला की दचकतो, वाटेत लोकांचे दगड खाल्ले असणार. बाबा म्हणाले, त्याच्या मनाने येऊ दे, घाई करू नको. मग आम्ही भात ठेवून लांब बसायचो. आता हातून खातो.

आठ दिवसांपूर्वी शेजारच्या मुखरूच्या सुनेने खळ्यावर धान चुरायला जाताना आपलं लेकरू आमच्या ओसरीवर लुगड्याच्या झोळीत निजवलं. ते रडलं, मला चुलीपाशी ऐकूच आलं नाही. भुऱ्या न बोलावता उंबरा ओलांडून आत आला, माझा पदर दातात धरला आणि ओढत मला झोळीपाशी घेऊन गेला. मी लेकराला उचललं तेव्हा कुठे झोळीखाली अंग टाकून निवांत पडला. रोजचंच काम असल्यासारखा.

बाबा खांबाला टेकून पाहत होते.

“चंदीच्या घरी लेकरू आहे,” ते म्हणाले.

तीन वर्षांनी तुझं नाव त्या तोंडून ऐकलं. मग बराच वेळ आम्ही दोघं त्या कुत्र्याकडे देवाकडे पाहावं तसे पाहत राहिलो. 

तेव्हापासून बाबा रोज पोचूकडे जाऊन बसतात. या घरात तेलुगूचा शब्द नको म्हणणारे हेच ना? आता सकाळपासून ‘इटु रा’, ‘पडुको’ म्हणजे नीज, असं चाललेलं असतं. पोचू हसून हसून बेजार होतो. काल मी म्हटलं, पुरे झालं, भुऱ्याले आता आपली बोली पुन्हा समजाले लागली.

“भुऱ्यासाठी नाई शिकून राह्यलो मी,” ते म्हणाले आणि उठून गोठ्यात गेले.

भुऱ्या संध्याकाळी सिरोंच्याच्या वाटेकडे तोंड करून बसतो. त्याला परत जायचं आहे, त्याची झोळी तिकडे आहे. बाबा म्हणतात, तो आपल्याला न्यायला आला. मला तसं म्हणायची हिंमत होत नाही. पोचू परत निघेल तेव्हा त्याच्याजवळ एवढंच सांग, भुऱ्याला एकट्याला पाठवू, की आम्हीही गाडीत बसू? एकट्याला म्हणालीस तरी मी रागावणार नाही. रडेन थोडी.

मुलगा की मुलगी, तेवढं मात्र कळव.

तुझी आई,
आणि तिथे झोळीत जे कोणी असेल, त्याची आजी.