भिंतीकडची बाजू

येलहंका,
३ मार्च २०२५

ती. अनुसूया अक्का यांस,
विठोजीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, म्हणून पत्र लिहितो. कौशल्येचं वर्षश्राद्ध शनिवारी, २२ तारखेला आहे. तुम्ही तिच्या थोरल्या बहीण. तुम्ही यावं.

ती गेली त्या खोलीत दहा दिवस दिवा ठेवला होता. दहाव्याला निघताना तुम्ही म्हणालात, की माझी बहीण गेली तेव्हा कुठे या खोलीत उजेड आला. त्यानंतर तुम्ही आला नाहीत.

ती खोली म्हणजे वडिलांच्या पिठाच्या गिरणीचं कोठार. गिरणीचं घर केलं, पण खिडकी झाली नाही. बल्ब एकच, तोही दारामागे. वायर घालायला भिंत फोडावी लागेल, जुना चुन्याचा गिलावा ढासळेल, म्हणून मी आठ वर्षं टाळलं. भिंत न फोडता काही होतं का, ते आता विचारतो आहे.

तब्येतीला जपा. मायेत अंतर नसावं.

आपला,
विठोजी


होसकोटे,
७ मार्च

श्री. विठोजीराव यांस अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. कान गेले तरी डोळे शाबूत आहेत.

कौशी ब्लाउजला हुक लावायला स्टूल घेऊन उंबऱ्यात बसायची. कुणी आलं-गेलं की उठायची, परत बसायची. मी विचारलं तर म्हणे, इथे स्वल्प वारा लागतो. गिलावा पडला असता तर झाडून काढला असता. तुमच्या घरात तीन केरसुण्या आहेत, मी मोजल्या आहेत.

श्राद्धाचं बघते. गुडघे दुखतात. हे कारण खोटं नाही, पण अर्धंच खरं आहे.

जेवण वेळेवर घ्या.

अनुसूया


येलहंका,
१२ मार्च

ती. अक्का यांस शि. सा. न.

रविकिरण नावाचा वायरमन येऊन गेला. गिलाव्याचं सांगितलं तर हसला. म्हणाला, अण्णा, खिळासुद्धा मारत नाही. दाराच्या चौकटीवरून प्लास्टिकची पट्टी चिकटवली आणि तिच्यातून वायर नेली. कपाटावर एलईडीची नळी ठेवली, तोंड छताकडे. छत पांढरं आहे, त्यामुळे उजेड खाली सारखा पसरतो, डोळ्यांना लागत नाही. आधी मी पांढरीफेक नळी आणली होती. तिनं खोली दवाखान्यासारखी दिसायला लागली, म्हणून बदलून पिवळसर आणली. पलंगाच्या डोक्याशी चिमट्याचा एक छोटा दिवाही लावला.

रविकिरण दहाला आला आणि जेवणाआधी गेला. आठ वर्षं टाळलेलं काम तेवढंच होतं.

छोटा दिवा कुठल्या बाजूला, असं त्यानं विचारलं. मी भिंतीकडे म्हणालो. तो गेल्यावर लक्षात आलं, की ती कौशल्येची बाजू. तिकडे आता कुणी झोपत नाही. चिमटा काढून माझ्या बाजूला लावायला एक मिनिट लागेल. चार दिवस झाले, मला ते जमलेलं नाही.

तुम्ही रागावलात ते बरोबर होतं. येणं न जमल्यास मी समजून घेईन.

आपला,
विठोजी


होसकोटे,
१६ मार्च

विठोजीराव यांस आशीर्वाद.

तुम्ही कबूल केलंत, आता मी करते. दर दिवाळीला मी त्या खोलीत झोपले आहे. अंधार मलाही दिसत होता. तुम्ही गिलाव्याची काळजी करता, तुम्हाला काही बोलू नको, असं कौशी म्हणायची आणि मी गप्प बसायची. दर वेळी तिलाच रागावले, तुम्हाला एकदाही सांगितलं नाही. मग ती गेल्यावर चार माणसांत बोलले. तसं बोलायला नको होतं.

शुक्रवारी दुपारच्या बसनं येते. स्टॉपवर उभे राहू नका, ऊन फार आहे. श्राद्धाच्या स्वयंपाकाला बाहेरचं कुणी सांगू नका, मी करेन. सरी? ठरलं ना?

दिवा हलवू नका. भिंतीकडे मी झोपेन. तुम्ही पुढच्या खोलीत गादी घाला, आणि मी दिवा मालवायला विसरले तर उठवायला येऊ नका.

लोभ वाढवायचं आपलं वय गेलं. आहे तो सांभाळू.

तुमची,
अनुसूया अक्का