श्वास सोडायच्या पाच फेऱ्या

वस्ताद, तुमाले जाऊन नऊ वर्षं झाली, पण तुमच्यावरचा माझा राग काही गेला नाही. मी आता हैदराबादच्या एका जिममधी लोकायले ठोसे माराले शिकवून राहिलो. आठवीत शाळा सोडलेल्या पोराले इथं सर म्हणतात. तुमी असते तं मिशीत हसले असते.

पहिले दोन महिने तुमी मले मातीत पाय ठेवू दिला नाही. अमरावतीले तुमच्या आखाड्यात मी कुस्ती शिकाले आलो होतो, अन् तुमी मले लिंबाखाली बसवलं. श्वास बेंबीखाली घे, धर, मंग उठून आखाड्याभोवती पाच फेऱ्या मार अन् चालता चालता हळूहळू सोड. बस, एवढंच. तिकडं बाकीचे पोरं एकमेकाले आपटून राहिले, अन् मी आपला पोट फुगवून बसलेला. तुमच्या घरच्या काकू बाजूच्या वाडीत वांगे तोडता तोडता विचाराच्या, याले कितवा महिना लागला? श्वास अन् कुस्ती एकत्र कधी करायची, असं मी विचारलं की तुमचं एकच उत्तर, बैस.

किती बसन माणूस? मोबाईलवर एक म्हातारा नुसतं बोट लावून चार जणायले उडवाचा. मले वाटलं, शक्ती धरण्यातच हाय, अन् वस्ताद लपवून राहिले. फेऱ्या मारणं मी तेव्हाच सोडलं. श्वास धरून झाला की भसकन सोडाचा अन् डाव पाहाले पळाचं. मंग तुमाले न विचारता अकोल्याकडच्या जत्रेत कुस्तीले नाव देऊन आलो. समोर बाळापूरचा पोरगा, माह्याहून बारीक. मी पोटभर श्वास घेतो, धरतो, त्याचं मनगट पकडतो. तो ओढते, मी हालत नाही. लोक टाळ्या वाजवतात, मले वाटते, आली शक्ती. मंग माह्या डोळ्यापुढं एकेकाचं तोंड काळं होत जाते. डोळे उघडले तं तुमी माह्या तोंडावर पाणी मारून राहिले होते. कोणीतरी चुगली केली म्हणून एस्टीनं मागून आले होते तुमी. तो पोरगा पंचाले सांगून राहिला होता, मी काहीच केलं नाही जी. सारी जत्रा हसत होती.

"धरून लढ म्हणून तुले कोणी सांगितलं?" तुमी विचारलं. "मी तं सोडाले शिकवून राहिलो होतो."

"मंग दोन महिने सांगितलं कावून नाही?"

"फेऱ्या कशापायी होत्या बे?"

असं कोणी शिकवते का? तोंड होतं तुमाले, एकदा बोलून टाकाचं. पोराची अब्रू तरी वाचली असती.

म्हणून मी इथं सारं बोलून शिकवतो. माह्या क्लासले एक काका येतात, बँकेतून रिटायर झालेले, बीपीची गोळी खाणारे. प्रत्येक ठोशाले श्वास कोंडतात, तोंड लाल मिरचीसारखं होते. मी सांगतो, ठोसा मारताना श्वास सोडा. दहा वेळा सांगतो, करून दाखवतो. ते मान हालवतात अन् पुन्हा कोंडतात. वरून मालकानं दारावर बोर्ड लावला, श्वास रोखा, शक्ती जागवा. मी त्याले म्हटलं, नवख्यायले श्वास रोखणं अन् ठोसे मारणं एकदम देऊ नका, हा माणूस एक दिवस पडन. तो म्हणाला, लोक शक्तीसाठीच येतात. सोमवारी सगळ्यायसमोर तूच रोखून दाखव अन् त्या काकायच्याकडून करून घे, नाहीतं गावाची गाडी धर.

सोमवारी मी रोखून दाखवलं. काकांकडूनही करून घेतलं. ते पडले नाहीत, वस्ताद. कपाळाची शीर टरारून फुगली, पंधरा ठोसे मारले, अन् मंग माहा हात हातात घेऊन म्हणाले, आज पहिल्यांदा अंगात काहीतरी आल्यासारखं वाटलं. मी म्हटलं, हो, येते. आता ते रोज तसंच करतात, अन् मी रोज त्यायच्या बाजूले उभा राहतो, पडलेच तं धरता यावं म्हणून.

हे पत्र तुमच्या पोराच्या पत्त्यावर टाकाचं होतं. आखाडा आता तोच चालवते. पण तो तुमच्या फोटोपुढं बसून साऱ्या पोरायले मोठ्यानं वाचून दाखवन. जत्रेतलं वाचलं तं चालते, हसतील. सोमवारचं तुमच्यापुढं कोणी वाचू नये, असं वाटते.