जिना कोरडा होता

४ जानेवारी

ती. दादास,
भिंगरीचा शि. सा. न. वि. वि.

तुझ्या बहिणीला अखेर काम मिळालं, आणि तेही सिनेमात! लगेच वहिनीला हाका मारू नकोस. पडद्यावर नाही, पडद्याच्या मागे, कपडेपटात. एका जुन्या गोदामात आम्ही पाच जणी मशीनवर बसतो. दिवसभर इस्त्रीची वाफ आणि तोंडात टाचण्या. एक बडे नट माप देताना पोट आत ओढून धरतात आणि कोट शिवून झाला की आवळतो म्हणून माझ्यावर ओरडतात.

आता खरी बातमी. सिनेमा कशावर आहे सांगू? तुझ्या हॉटेलवर! एकतीस वर्षांपूर्वीच्या त्या दुपारवर, निवडणुकीला उभ्या राहिलेल्या मास्तरांना गोळ्या घालून मारलं त्या दिवसावर. पण यात एकटे मास्तर नाहीत. त्या दिवशी हॉटेलात असलेली सगळी माणसं आहेत. टेलिफोनवरची मुलगी, रुसलेलं नवं जोडपं, लिफ्टवाले आजोबा, नोकरी सुटलेला वार्ताहर. प्रत्येकाचं आपापलं चाललेलं असतं आणि शेवटी सगळ्यांच्या कानावर त्या तीन गोळ्यांचे आवाज पडतात. हेड वेटरही आहे, बरं का. त्याला दोन वाक्यं आहेत आणि काम करणारा अगदी काडीपैलवान आहे. मी त्याला सांगून ठेवलंय की माझा दादा ताठ चालायचा, पोक काढशील तर याद राख.

तर आता मला सांग, तुमच्या कोटाला बटणं किती होती? कॉलर कडक की मऊ? आणि जिने पुसणाऱ्या त्या फरशीवाल्याचा डगला कुठल्या रंगाचा होता? त्याचे कपडे माझ्याकडे आलेत. त्याचा प्रसंग मोठा आहे. तो मोठ्या जिन्यावर चोरासारखा इकडेतिकडे बघतो आणि मुद्दाम बादली ओततो, म्हणून मास्तरांना स्वयंपाकघरामागच्या बोळातून न्यावं लागतं. चौकशीत तसंच निघालं होतं म्हणे.

लवकर लिही. वहिनीला नमस्कार. माझ्यावरचा लोभ वाढवला नाहीस तरी चालेल, आहे तेवढा पुरे.

तुझी,
भिंगरी

*

९ जानेवारी

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काम मिळालं, आनंद झाला. पाठीला उशी घेऊन बसत जा. माझे गुडघे ठीक, म्हणजे दुखतात.

कोट पांढरा, बटणं सहा. त्यातली दोन नुसती शोभेची, त्यांना काज नाही. कॉलर कडक. डावीकडे आतून एक खिसा, रुमाल ठेवायला. बाहेरून खिसा अजिबात लावू नकोस, वेटरचा हात खिशात गेलेला आम्हाला खपत नसे. स्वयंपाकघरातल्यांचा कोटही पांढराच, पण आखूड आणि बिनकॉलरचा. त्या काडीपैलवानाला सांग, ट्रे बोटांवर तोलायचा, तळव्यावर नाही.

फरशीवाल्याचा डगला करडा, दोन खिसे. बाकी त्याचं मला विचारू नकोस. तो प्रसंग गाळता आला तर बरं. पण तू काही बोलायला जाऊ नकोस, आपण बरं आणि आपलं काम बरं. इतक्या वर्षांनी हे सगळं उकरून कुणाचं भलं होणार आहे, मला तर कळत नाही.

जपून राहा. आठवण ठेवतेस तशीच ठेव.

तुझा,
दादा

*

१६ जानेवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

कोटाचं पत्र आमच्या मुख्य शिंपीणबाईंनी भिंतीवर चिकटवलंय. पण दादा, आज थट्टा सुचत नाही.

काल फाटकावर एक बाई आली. चाळिशीला टेकलेली, साधी, नीटनेटकी. दिग्दर्शकांना भेटायचं म्हणत होती. ते कामात होते म्हणून पहारेकऱ्याने तिला आमच्याकडे बसवलं. ती माझ्याच स्टुलावर बसली आणि समोर पुतळ्याला चढवलेला करडा डगला बघून तिच्या चेहऱ्याचा रंगच उडाला. ती त्या फरशीवाल्याची मुलगी.

वडील अजून आहेत, शहात्तर वर्षांचे. हॉटेलातून काढल्यावर त्यांना कुणी दारात उभं केलं नाही. वीटभट्टीवर पाठ मोडून घेतली. तीनदा घर बदललं, आणि प्रत्येक ठिकाणी वर्षभरात कुणीतरी ओळखायचं आणि खिडकीवर दगड यायचे. ती म्हणाली, बाबा इतक्या वर्षांत एकच वाक्य बोलले आहेत की जिना कोरडा होता. मग तुम्ही होता कुठे, असं विचारलं की तोंडात मिठाची गुळणी. आता सिनेमा आला तर म्हातारपणी पुन्हा तेच सुरू होईल, म्हणून ती हात जोडायला आली होती.

दिग्दर्शक माणूस वाईट नाही. त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले की त्या वेळी तिथे असलेला एक तरी माणूस आणा, जिना कोरडा होता असं त्याने सहीनिशी लिहून दिलं तर प्रसंग काढतो. नाहीतर बारा फेब्रुवारीला तो घ्यायचा ठरलाय.

दादा, तू तिथे होतास. मास्तरांचं भाषण झालं त्या दालनातली टेबलं तूच लावली होतीस. जिना तू पाहिला असशीलच. एक ओळ लिही ना. त्या बाईला मी तुझं नाव सांगितलेलं नाही, पण शब्द दिलाय की प्रयत्न करीन.

वाट पाहते.

तुझी,
भिंगरी

*

२२ जानेवारी

प्रिय वन्संना,
सप्रेम नमस्कार वि. वि.

मी कधी लिहीत नाही, तेव्हा दचकू नका, सगळे धडधाकट आहोत. पण तुमचं मागचं पत्र आल्यापासून यांचं काही खरं नाही. ताटावरून उठतात. परवा आरशासमोर दाढी करता करता तसेच उभे राहिले, फेस वाळून गेला तरी भान नाही. पत्रात काय आहे विचारलं तर म्हणतात, बटणांचं आहे. अहो, बटणांनी कुणाचं असं होतं का?

तुमचं काही भांडण झालं असेल तर चार शब्द खरमरीत लिहा, पण अबोला धरू नका. त्यांना अबोला सोसत नाही. आणि माझ्यापासून लपवण्यासारखं काही असेल तर ते मला आधी सांगा!

माया आहेच, ती दोन्हीकडून राहू दे.

तुमची,
वहिनी

*

२५ जानेवारी

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

हे पत्र चौथ्यांदा लिहितो आहे. आधीची तीन फाडली.

जिना कोरडा होता. तो ओला असल्याची थाप मी मारली.

आमच्याकडे एक पद्धत होती, मीच पाडलेली. स्वयंपाकघरातल्या माणसांना दालनात पाऊल टाकायची परवानगी नव्हती. भांडी घासणारे, भाजी चिरणारे, फरश्या पुसणारे, यांनी भिंतीपलीकडून फक्त टाळ्या ऐकायच्या. म्हणून कुणी मोठा पाहुणा आला की काहीतरी निमित्त काढून मी त्याला मागच्या बोळातून बाहेर न्यायचो. आपली माणसं हात धुऊन, कोट घालून रांगेत उभी राहायची. पाहुणा दोन शब्द बोलायचा, हात मिळवायचा. एकदा एक नामांकित गायिका चक्क ओळ गुणगुणून गेली होती. मॅनेजरला याचा पत्ताच नसे. त्या पाच मिनिटांवर ती माणसं महिनाभर खूश असायची, आणि खरं सांगू, मलाही मोठेपणा वाटायचा.

मास्तर येणार म्हटल्यावर सगळे सकाळपासून माझ्या मागे लागले होते. शाळामास्तर निवडणूक लढवतो आणि आता जिंकणार असं दिसतं, हेच त्यांना केवढं अप्रूप! पण रक्षकांचा प्रमुख मोठ्या जिन्यानेच नेणार म्हणून अडून बसला. मी म्हटलं, जिना आत्ताच पुसलाय, कुणी घसरेल. त्याने घड्याळ पाहिलं आणि बरं म्हणाला.

बोळ अरुंद. मी पुढे, मास्तरांकडे पाठ करून, वाट मोकळी करत चाललो होतो. मागे आवाज झाले. कुणीतरी ताटं पाडली असं समजून मी ओरडायलाच वळलो. तो मारेकरी भाजीच्या पाट्यांबरोबर आत शिरून, स्वयंपाकघरातल्यांसारखाच कोट घालून रांगेत उभा होता. नवा कुणी कामाला लागला असेल असं समजून त्याला कुणी हटकलं नाही.

त्याला जागीच पकडलं. पण बोळातून का आणलं, हा प्रश्न राहिलाच. रक्षकांच्या प्रमुखाने चौकशीत जिना ओला होता असं सांगितलं. मला विचारलं तेव्हा मी होकारार्थी मान हलवली. रांगेचं कळलं असतं तर चाळीस माणसं घरी बसली असती, म्हणून सगळ्यांना मी बजावून ठेवलं होतं की कुणीही रांगेत नव्हतं, जो तो आपापल्या कामावर होता. मग जिना ओला केला कुणी म्हणून फरशीवाल्याला उभं केलं. मी समोरच्याच बाकावर होतो. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी पायांकडे बघत राहिलो. तो म्हणाला, जिना कोरडा होता. मग तू कुठे होतास असं विचारलं तेव्हा तो गप्प झाला.

थोरला तीन महिन्यांचा होता. तुझा शिवणाचा क्लास चालू होता. म्हटलं, उद्या सांगू. तो उद्या आलाच नाही.

आता तू काय ते ठरव.

दादा

*

३० जानेवारी

दादास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र जेवणाच्या सुट्टीत वाचलं. नंतर दोन काजं चुकीच्या बाजूला कापली आणि शिंपीणबाईंच्या शिव्या खाल्ल्या.

माझा क्लास मध्ये आणू नकोस. मला विचारलं असतंस तर त्या दिवशी कात्री खाली ठेवली असती. तूच मला खोटं बोलले म्हणून कोपऱ्यात उभी करायचास ना? मला तुझा इतका राग आलाय की समोर असतास तर काय बोलले असते कुणास ठाऊक. आणि त्या चाळीस जणांसाठी तू हौसेने उभं केलेलं सुख वाचून रडूही येतंय. मास्तरांना तू मारलं नाहीस, दादा. ते तुझ्या डोक्यात असेल तर काढून टाक. पण फरशीवाल्याचं जे झालं, ते तुझंच आहे.

मी काय ते ठरवू म्हणतोस? वा रे वा! तुझं पत्र माझ्या मशीनच्या खणात आहे. दिग्दर्शकांची खोली इथून वीस पावलांवर. मी ते नेऊन देणार नाही. ते तू लिहायचंस, तुझ्या सहीने, बारा तारखेच्या आत. आणि त्याच्याही आधी फरशीवाल्याकडे जायचंस. मुलीने दिलेला पत्ता मागे लिहिला आहे. वहिनीलाही सांग, ती तुझ्यापेक्षा खंबीर आहे.

रागावले आहे, पण परकी झालेली नाही.

भिंगरी

*

८ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

दिग्दर्शकांचा काल शेजाऱ्यांकडे फोन आला. माझं पत्र पोचलं. बादलीचा प्रसंग गेला. आता तुझ्या काडीपैलवानाची वाक्यं वाढणार आणि थाप तोच मारणार. नातवंडं बघतील. बघू देत. तुझ्या वहिनीला सगळं सांगितलं. दोन दिवस एक अक्षर बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, निघा, आणि माझा सदरा स्वतः इस्त्री करून दिला.

तोवर दिग्दर्शकांना द्यायचं पत्र लिहून झालं होतं, पण टपालात टाकलं नव्हतं. आधी फरशीवाल्याला वाचून दाखवायचं ठरवलं. सायकलदुरुस्तीच्या दुकानावर दोन खोल्या आहेत. दार मुलीने उघडलं. तिने मला ओळखलं नाही. त्याने ओळखलं. खाटेवर बसला होता, हाडं आणि डोळे तेवढे उरलेत. मुलीला म्हणाला, यांना स्टूल दे.

मी पत्र वाचलं. वाटलं, आता शिव्या घालील, हाकलून देईल. ते सोपं गेलं असतं. त्याने रांगेबद्दल लिहिलेला भाग पुन्हा वाचायला सांगितला. मग म्हणाला की यात एक चूक आहे. मी लिहिलं होतं, फरशीवालाही मागे कुठेतरी उभा असावा. तो म्हणाला, मागे नव्हतो. करड्या डगल्यात कसं जायचं म्हणून त्याने धुलाईतून पांढरा कोट मागून घेतला होता. मास्तर त्याच्यापाशीच थांबले होते. त्यांनी त्याचा हात दोन्ही हातांत धरून विचारलं, मुलंबाळं किती? तो म्हणाला, एक मुलगी, आठ वर्षांची. मास्तरांनी विचारलं, शाळेत जाते ना? तो हो म्हणाला, आणि तेवढ्यात ते आवाज झाले. मास्तर खाली कोसळले तेव्हाही हात त्याच्याच हातात होता. लोकांनी येऊन बोटं सोडवली.

मी विचारलं, हे तेव्हा का नाही सांगितलंस? तो म्हणाला की ते सांगायचं तर रांगेचं सांगावं लागलं असतं, आणि रांग लावणारे तुम्ही. तुम्हीच सांगाल असं वाटलं. वर्षभर वाट पाहिली, मग सोडून दिली. हे तो चिडून नाही म्हणाला, भिंगरी, अगदी सरळ म्हणाला. मला मान वर करता येईना. माफी मागितली. त्याने पत्राची घडी घालून माझ्या हातात दिली.

त्याची मुलगी चहा घेऊन दारातच उभी होती. हे सगळं तिने आजवर ऐकलेलंच नव्हतं. ती कप खाली ठेवून त्याच्या पायाशी बसली आणि मास्तरांनी माझ्याबद्दल काय विचारलं ते परत सांगा, म्हणाली. त्याने सांगितलं. तिने तिसऱ्यांदा सांगायला लावलं. चहा निवून गेला, मी तसाच स्टुलावर बसून होतो.

तुझा राग उतरेल तेव्हा ये. उतरला नाही तरी ये.

तुझा,
दादा