सातवी कथा चढवली त्याचं

३ फेब्रुवारी

वेबसाइट करायची! लेकीने ठरवलं, मी मान डोलावली. म्हणे, "बाबा, अठरा वर्षं लिहिताय, आणि शोधलं तर कुठे सापडत नाही तुम्ही." मी कवळ्या बनवणारा माणूस. दिवसभर लॅबमध्ये मेणात दात बसवायचे, संध्याकाळी गोष्टी लिहायच्या. शोधणार कोण?

पण दुपारी कामावर सारखं दिसत राहिलं — कुठल्याशा गावात कुणीतरी खिडकीशी केस वाळवत बसलंय आणि माझी ओळ वाचतंय. वाचता वाचता थांबतंय. पुन्हा मागे जातंय... मेण उतू गेलं. बोलणी खाल्ली.

५ फेब्रुवारी

'परिचय' लिहायचा, तोही तिऱ्हाइतासारखा. 'हे सुप्रसिद्ध कथाकार' — खोडलं. 'हे प्रसिद्ध' — खोडलं. नुसतं 'हे' उरलं. बायको म्हणाली, "तेवढंच ठेवा. खरं तरी आहे!"

६ फेब्रुवारी

चौदा फोटो काढले. चौदाही फोटोंत मी दात दुखत असल्यासारखा.

९ फेब्रुवारी

सहा कथा चढवल्या. पडद्यावर स्वतःचं नाव बघत किती वेळ बसलो कोण जाणे. चहावर साय धरली.

सातवी अडलीय. ताईवरची. आई अंथरुणाला खिळली तेव्हा ताईने नववीतून शाळा सोडली, घर सांभाळलं. मी शिकलो. कथेत ती दाराआड उभी राहून रडते. मासिकात छापून आली होती, पण ताईला दाखवायची छाती झाली नाही. लेक म्हणते, "तीच सगळ्यात चांगली आहे. आत्याला विचारा ना आधी."

१० फेब्रुवारी

न विचारताच चढवली. ताई कुठे इंटरनेटवर जातेय!

१२ फेब्रुवारी

ताईचा फोन. "तुझं ते वाचलं. रविवारी येते." बस्स. ठेवला.

१५ फेब्रुवारी

आली. चप्पल काढली, पाणी प्यायली, पदराने चष्मा पुसला. मी आपला खाली मान घालून.

"चांगलं लिहिलंस रे. पण खोटं आहे."

"ताई, मी काढून टाकतो —"

"काढू नकोस. मी रडले नव्हते, एवढंच. चिडले होते! तुझी सगळी पुस्तकं बंबात घालायला निघाले होते. भूगोलाचं तर घातलंही. तू आठवडाभर शोधत होतास."

आणि हसली. मला हसताही येईना. एवढी वर्षं मी तिला दाराआड रडवत ठेवलं होतं.

मग तिने पिशवीतून वही काढली. "अशा अकरा आहेत. तेव्हापासूनच्या. कुणाला दाखवल्या नाहीत. बघ जमलं तर."

१६ फेब्रुवारी

लॅबला दांडी. सकाळपासून वाचतोय. ताई माझ्यापेक्षा चांगलं लिहिते — फारच चांगलं. लेकीला सांगितलं, माझं राहू दे. आधी आत्याची वेबसाइट कर.